गटाराच्या तोंडाशी सापडलेली बुरशी

मंडळी, समुद्रातली औषधं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रवाळ, स्पंज असलं काहीतरी रंगीत येतं. पण समुद्राच्या पाण्यातून आलेल्या बुरशीने दिलेलं सगळ्यात मोठं औषध सापडलं ते चक्क सांडपाणी समुद्रात पडतं तिथे. इटलीतलं सार्डिनिया बेट, कालियारी शहर, साल 1945. तिथले हायजीनचे प्रोफेसर जुझेप्पे ब्रोत्झू. गावात टायफॉइड आणि पोरं मात्र त्या घाण पाण्यात बिनधास्त पोहतायत, तरी आजारी पडत नाहीत म्हणे. दुसरा कोणी असता तर नाक दाबून पुढे गेला असता, या माणसाने तिथलं पाणी आणून त्यातले जीव लॅबच्या प्लेटवर वाढवले.

त्यात एक बुरशी निघाली, सेफॅलोस्पोरियम ऍक्रेमोनियम. तिच्या जवळ टायफॉइडचे जंतू वाढेचनात. ब्रोत्झूंनी कच्चा अर्क काढून पेशंटवरसुद्धा वापरला, आजच्या एथिक्स कमिटीने हे ऐकलं तर काय होईल ते सोडा. 1948 मध्ये एका स्थानिक प्रकाशनात पेपर छापला, तो फारसा कोणी वाचलाच नाही. शेवटी ओळखीच्या एका ब्रिटिश डॉक्टरमार्फत बुरशी ऑक्सफर्डला पोचली, हॉवर्ड फ्लोरींकडे, म्हणजे ज्यांनी पेनिसिलिनचं औषध केलं त्यांच्याकडेच.

आता खरी गंमत इथे आहे. ऑक्सफर्डमध्ये एडवर्ड एब्रहम आणि गाय न्यूटन बसले त्याच्यामागे, आणि त्यांना दिसलं की बुरशी एक नाही, अनेक पदार्थ बनवतेय. टायफॉइडच्या जंतूंना मारणारा जो होता, ज्याच्यामुळे ही सगळी भानगड सुरू झाली, तो निघाला पेनिसिलिनचाच एक भाऊ! आणि 1953 मध्ये त्याच्याच शुद्धीकरणात थोडीशी भेसळ म्हणून तिसराच पदार्थ मिळाला, सेफॅलोस्पोरिन सी. ताकद बेताची, प्रमाण अगदी कमी. पण एक गुण भारी होता, जंतू जे एन्झाइम वापरून पेनिसिलिन तोडतात ना, त्याला हा पदार्थ दाद देत नव्हता. हॉस्पिटलांत पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस) जंतू वाढत होते त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट! मग केमिस्ट लोकांनी मधला गाभा तसाच ठेवला, बाजूच्या साखळ्या बदलत बसले, आणि 1964 मध्ये पहिलं औषध बाजारात आलं. आज तुमच्या मेडिकलवाल्याकडे जे सेफिक्झिम, सेफॅलेक्सिन मिळतं, दवाखान्यात जे सेफ्ट्रायाक्झोनचं इंजेक्शन टोचतात, ते सगळं याच खानदानातलं.

काही जण म्हणतात ही बुरशी समुद्राची कशी, ती तर जमिनीवरून सांडपाण्यासोबत वाहत आली असणार. असेलही. मला त्यात फार रस नाही, मला रस आहे तिच्या शेजाऱ्यांत. अशा पाण्यात जंतूंची नुसती गर्दी, खाणं तेवढंच, भांडण कायमचं. बुरशीला पळता येत नाही, म्हणून ती रसायनं सोडते. आणि लॅबमध्ये एकटीला छान साखर घालून वाढवली की बऱ्याचदा ती गप्पच बसते, जनुकं असतात पण बंद. 2001 चं उदाहरण बघा, समुद्री जीवांतली रसायनं शोधणारे अमेरिकन केमिस्ट विल्यम फेनिकल यांच्या टीमने तपकिरी शैवालावरची एक बुरशी घेतली, तिच्या फ्लास्कमध्ये समुद्रातला एक बॅक्टेरिया सोडला, आणि तेव्हा कुठे तिने पेस्टॅलोन नावाचं अँटिबायोटिक बनवलं, एमआरएसएवरही, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या स्टॅफ जंतूंवरही चालणारं. एकटी असताना ते बनतच नव्हतं. मग विचार करा, आपण एकेकटी वाढवून किती बुरशा "बिनकामाच्या" म्हणून फेकून दिल्या असतील!

आपल्याकडे गोव्याला दोना पावलाच्या एनआयओमधल्या, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या लोकांनी हिंदी महासागराच्या सुमारे 5000 मीटर खोल तळातल्या गाळातून बुरशा वाढवून दाखवल्यात, म्हणजे माल कमी नाहीये.

पण सापडणं आणि औषध होणं यात फार अंतर आहे हो. हालिमेडा नावाच्या समुद्री शैवालावरच्या ऍस्परजिलस बुरशीतून हालिमाइड हा पदार्थ मिळाला, त्याच्यावरून प्लिनाब्युलिन हे औषध बनवलं, आणि केमोथेरपीत पांढऱ्या पेशी कमी होतात त्यासाठी ते तपासलं. ट्रायल झाली, फाइल औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएकडे गेली, आणि 2021 मध्ये त्यांनी सांगितलं, एक ट्रायल पुरेशी नाही, अजून एक करा.