उशी भिजते, पण सांगवत नाही

"रात्री लाळ गळते का हो तुमची?"

मानसिक आजारातून जाणाऱ्यांच्या स्वमदत गटात पहिल्यांदाच आलेला हा माणूस प्रश्न ऐकून चपापलाय. क्लोझापिन ही मानसिक आजारावरची गोळी सुरू झाल्यापासून रोज सकाळी त्याची उशी ओली असते. डॉक्टरांसमोर विषय निघत नाही, घरी सांगवत नाही. विचारणारा मात्र तीच गोळी वर्षानुवर्षं घेतोय. "उशीवर टॉवेल टाका, कुशीवर झोपा. आणि डॉक्टरांच्या कानावर घाला, त्यावरही इलाज असतो."

इथलं बरंचसं बोलणं असंच, वरवर किरकोळ. लिथियम या औषधाने थरथरणारे हात. नोकरीच्या मुलाखतीत 'मधली दोन वर्षं काय करत होतात?' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं. ऐकू येणारे आवाज खरे की खोटे, यावर इथे कुणी वाद घालत नाही. ते कधी वाढतात, काय बोलतात, कशाने थोडे मागे सरतात, एवढंच विचारतात. गोळीचा डोस कमी-जास्त करण्याचा सल्ला कुणी देत नाही. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कुणाच्या तोंडी आली, तर मात्र गोष्ट गटातच ठेवायची नाही. लगेच मदत बोलवायची.

आजारातून गेलेल्यानेच दुसऱ्या आजाऱ्याला सोबत करायची, ही कल्पना जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयातला मनोरुग्णांचा विभाग ज्याँ-बाप्तिस्त प्युसँ सांभाळत होते. ते स्वतः तिथे गंडमाळेवर (मानेतल्या गाठींच्या क्षयावर) उपचार घ्यायला आलेले. बऱ्या झालेल्या रुग्णांनाच त्यांनी परिचर नेमलं. रुग्णावर हात उगारणं या परिचरांना जमत नसे. १७९७ मध्ये प्युसँ यांनी रुग्णांच्या साखळ्या काढल्या. श्रेय पुढे बराच काळ तिथे काम केलेल्या डॉक्टर पिनेल यांच्या खात्यावर जमा होत राहिलं, हे ओघाने आलंच.

आज अनेक देशांत अशा सोबत्यांना पगारी नोकरी मिळते. कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यानुसार, तशाच कामावरच्या व्यावसायिकांइतकाच त्यांचा उपयोग होतो. फार जास्त नाही, कमीही नाही. पण गळ्यात ओळखपत्र आलं की फायली येतात, नोंदी येतात. कालपर्यंत शेजारच्या खुर्चीत बसणारा माणूस टेबलापलीकडे जातो, आणि लाळ गळते का हे विचारायला त्याला वेळ उरत नाही.