मुठेत उतरायचं तर

श्रोतेहो, नमस्कार.

भिडे पूल पाण्याखाली गेला की पुणेकरांना मुठा नदी आठवते. खडकवासल्यातून किती क्युसेक सोडलं याची चर्चा रिक्षात, बँकेच्या रांगेत, भाजीवाल्यापाशी, सगळीकडे. लकडी पुलाच्या कठड्याला मोबाईल उंचावलेली गर्दी होते. दोन-चार दिवसांत पाणी ओसरतं, गर्दीही ओसरते. उरलेलं वर्ष आपण नदी फक्त ओलांडतो. तीही गाडीच्या काचा वर करून.

आणि याच नदीत पुण्याच्या कित्येक पिढ्या पोहायला शिकल्या. पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर सुका भोपळा बांधायचा आणि घाटावरून पोराला सरळ ढकलून द्यायचं, ही शिकवण्याची पद्धत. रडारड व्हायची, नाकातोंडात पाणी जायचं, काही दिवसांनी डबा सुटायचा. मग सूर मारणं, मुटका मारून काठावरच्यांना भिजवणं, तळाची माती मुठीत आणून दाखवणं. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर आज जेवताना विचारून बघा.

पुन्हा असं पोहता येईल का, हा आजचा विषय. आधीच सांगून टाकते: आज मुठेत उतरू नका. हौसेनेही नको आणि निषेध म्हणूनही नको. पण 'नदीत पोहता आलं पाहिजे' ही मागणी मात्र मोठ्याने करा, कारण तिला मोजमाप आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नद्यांच्या पाण्याचे वर्ग पाडले आहेत. त्यात उघड्यावर आंघोळ करण्याजोगं पाणी म्हणजे 'ब' वर्ग. अशा पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम हवा. जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे घाण कुजवताना जीवाणू जो प्राणवायू खाऊन टाकतात तो, ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. आणि एकूण कोलिफॉर्म जीवाणू, म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याची खूण, १०० मिलिलिटरमागे ५०० च्या आत हवेत.

आता याच्या शेजारी सुशोभीकरण ठेवून बघा. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटरच्या काठाचा आराखडा तुम्ही ऐकलाच असेल. घाट, दिवे, सायकलचा रस्ता हे सगळं काळ्या पाण्याशेजारीही बांधता येतं आणि फोटोत झकास दिसतं. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. पोहण्याजोग्या पाण्याचंही येत नाही.

अमेरिकेत पोर्टलंड नावाचं शहर आहे, त्याच्या मधून विलॅमेट नदी वाहते. तिथे पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकाच गटारातून जायचं. जोराचा पाऊस झाला की सगळं थेट नदीत. शहराने जवळजवळ वीस वर्षं खपून, सुमारे १.४ अब्ज डॉलर खर्चून प्रचंड भुयारी नळ घातले. ते काम २०११ मध्ये पुरं झालं. पाणी सुधारलं, पण लोकांच्या मनातली घाण जाईना. आई-आजीने लहानपणी घातलेली भीती सरकारी पत्रकाने कशी जाणार? तेव्हा 'ह्यूमन ॲक्सेस प्रोजेक्ट' नावाच्या नागरिकांच्या गटाने त्याच वर्षी 'बिग फ्लोट' सुरू केला. माणसं हवेच्या गाद्या, रबरी ट्यूब घेऊन नदीत तरंगायला आली. शर्यत नाही, बक्षीस नाही, नुसतं डुंबणं. पुढे या गटाने काठावर पडलेले काँक्रीटचे तुकडे उचलून पाण्यात उतरायला जागा मोकळ्या केल्या. आपल्याकडे नदीपात्रात राडारोड्याचे ढीग कुठे कुठे आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

पॅरिसचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १९२३ पासून सेन नदीत पोहायला बंदी होती, जुलै २०२५ मध्ये तीन ठिकाणी लोकांसाठी ती उठली. मला त्यातली एकच गोष्ट सांगावीशी वाटते. मोठा पाऊस झाला की तिथे पोहणं बंद ठेवतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पाणी रोज तपासतात, उतरायचं की नाही हे निशाणावरून कळतं. एवढा साधा फलक आपल्या एखाद्या घाटावर लागायला अब्जावधी लागत नाहीत.

आपली अडचण मात्र पॅरिसपेक्षा वेगळी आहे. खडकवासल्याचं धरण १८७९ चं. त्यातलं पाणी नळाने शहराला आणि कालव्याने शेतीला जातं. पावसाळा सरला की मुठेच्या पात्रात धरणातून येतं ते थोडकं, नाल्यांमधून येतं तेच फार. जपानच्या 'जायका' या संस्थेच्या अर्थसाहाय्याने ११ मैलाशुद्धीकरण केंद्रांची योजना आखली गेली, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची. ठीक आहे. पण केंद्र शुद्ध करणार ते त्याच्यापर्यंत पोचलेलं पाणी. सोसायटीची ड्रेनेज लाइन परस्पर ओढ्याला जोडली असेल तर तिचं काय? आणि पात्रात थोडं तरी वाहतं पाणी सोडल्याशिवाय पोहण्याचं नाव काढू नये.

हंगामाचाही विचार करायला हवा. जून ते सप्टेंबर मुठा पोहण्याची नाहीच. विसर्ग वाढला की पाणी बघता बघता चढतं; जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीने ते भोगलं. एप्रिल-मे म्हणजे डबकं. उरले दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे महिने. गार पाण्यात कुडकुडत पोहायची तयारी ठेवा.

तोवर काय? तोवर काठावर जा. संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुलं होड्या वल्हवतात, त्यांची रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, १९२८ पासूनची. जलपर्णी, दुर्गंधी, सगळं सोसून त्यांनी नदीवरचा हक्क सोडलेला नाही. 'जीवितनदी' या संस्थेने नदीकाठ दत्तक घेण्याचा उपक्रम चालवला आहे. विठ्ठलवाडीला लोक जमतात, काठ साफ करतात, मुलांना नदी दाखवतात. या कामात काय हाताला लागतं? पुरात आलेली एखादी साडी काठावरच्या वाळुंजाच्या झाडाच्या मुळांना असा पीळ घालून बसते की दोघांनी ओढूनही सुटत नाही, कोयत्याने तुकडे करावे लागतात. आत गुंतलेल्या दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, देवाच्या तसबिरीची चौकट. तसबीर नदीत सोडणाऱ्याला वाटतं आपण पुण्य केलं! असं दोन तास उपसलेला माणूस पुन्हा पुलावरून निर्माल्याची पिशवी भिरकावत नाही, आणि दुसऱ्याने भिरकावली तर गप्पही बसत नाही. माझी सगळी भिस्त अशा भांडखोर माणसांवर आहे.

तुम्हाला काठावर जाणं जमत नसेल तर एक काम करा. नगरसेवक भेटले की विचारा, आपल्या पुलाखालच्या पाण्यात या महिन्यात कोलिफॉर्म किती होते? 'काम प्रगतिपथावर आहे' हे उत्तर धरू नका. आकडा मागा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा मागा.

नमस्कार.