सोलापुरात एक मुक्काम

(दृश्य: पहाट. सिद्धेश्वर तलावावर धुकं. दूरवर घंटेचा आवाज.)

पंढरपूरला जाताना सोलापूर लागतं. तुळजापूरला, अक्कलकोटला, गाणगापूरला जातानाही लागतं. स्टँडवर चहा होतो, शेंगाचटणीचं पाकीट पिशवीत पडतं आणि गाडी पुढच्या देवाकडे निघते. आज तसं करू नका. बॅग खोलीवर टाका आणि उजाडायच्या आत रिक्षा पकडा. रिक्षावाला विचारेल, "कुठं जायचं, मामा?" सांगा, तलावावर.

चहूबाजूंनी पाणी आणि मधोमध सिद्धेश्वराचं मंदिर. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर इथं राहिले. महात्मा बसवेश्वरांचे ते समकालीन. त्यांनी कन्नडमध्ये वचनं रचली आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन हा तलाव खोदला, असं इथली परंपरा सांगते. हा मुलूख बेताच्या पावसाचा. इथल्या योग्याला आधी पाणी सुचलं, ही गोष्ट मला या शहराबद्दल सगळ्यात जास्त आवडते.

(दृश्य: नंदीध्वजांची मिरवणूक. बाराबंदीतले भक्त.)

सिद्धरामेश्वरांनी नगरीत आणि भोवताली ६८ लिंगं स्थापन केली. दर संक्रांतीला त्या लिंगांच्या भेटीला सात मानाचे नंदीध्वज निघतात. एकेक काठी घराच्या छपरापेक्षा उंच, आणि ती पेलायची कमरेवर. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस पावलागणिक तोल सावरत चालतो, मागचे हात पुढे करून तयार असतात, आणि गर्दीतून 'हर्र बोला हर्र' उठतं. कथा अशी, की एका कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचा हट्ट धरला. ते योगी. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली. म्हणून भोगीच्या दिवशी अक्षता पडतात आणि सारं सोलापूर वऱ्हाडी होतं. नंतर होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रा, भरतो, पाळणे लागतात, शोभेचं दारूकाम होतं. जमलं तर जानेवारीतच या.

तलावाला लागूनच भुईकोट किल्ला आहे. बहमनी काळातला, दुहेरी तटाचा, बाहेरून खंदक. हा किल्ला कुणाला आपल्याकडे हवा नव्हता? निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात तो वर्षानुवर्षं भांडणाचं कारण झाला. अहमदनगरची चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्ला तिला आंदण मिळाला. १८१८च्या मे महिन्यात तो इंग्रजांच्या हाती पडला. आज तटाच्या आत बाग आहे, सकाळी लोक फिरायला येतात. वर चढून तलावाकडे तोंड करून उभे राहा. खाली पाणी, पाण्यात देऊळ, पलीकडे शहर. दहा मिनिटं तरी बोलू नका.

(दृश्य: पार्क चौक. चार हुतात्म्यांचे पुतळे.)

इथून पार्क चौक जवळ. तिथले चार पुतळे सोलापूरकराला पत्ता सांगायला रोज लागतात, पण नावं थांबून वाचा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे १९३०मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, गोळीबार झाला आणि पोलीस गाव सोडून गेले. ९, १० आणि ११ मे असे तीन दिवस सोलापूर सोलापूरकरांनीच चालवलं. मग आला मार्शल लॉ. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात या चौघांना फाशी झाली. गड्ड्याच्या आठवड्यातच ही तारीख येते. एकीकडे नंदीध्वज, दुसरीकडे या पुतळ्यांना हार. लहानपणापासून आम्ही हे दोन्ही एकत्रच पाहत आलो. चौघांची आडनावं पुन्हा एकदा वाचा, म्हणजे तेव्हाचं सोलापूर डोळ्यांसमोर उभं राहील.

अप्पासाहेब वारदांनी बांधलेलं इंद्रभवन जाता जाता बघा. नक्षी इतकी दाट, की मान अवघडते. महापालिकेचा कारभार या वास्तूतून वर्षानुवर्षं चालला.

भैय्या चौकाकडे मात्र वेळ काढून जा. तिथं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं घर आहे, आता स्मारक. त्यांचा जन्म १९१०चा. १९३८मध्ये काँग्रेसनं युद्धग्रस्त चीनमध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात हे होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. आघाडीवर जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ला तिथंच गेले. वय अवघं ३२. चीनमधून लोक हे घर शोधत येतात. आपल्याला तर ते जवळच आहे.

(दृश्य: पूर्व भागातली अरुंद गल्ली. आधी फक्त यंत्रमागाचा आवाज, मग चित्र.)

दुपारी पूर्व भागात या. माग दिसायच्या आधी ऐकू येतो. १८७७मध्ये इथं पहिली मोठी कापड गिरणी सुरू झाली. गिरणीच्या भोंग्यावर घरातला स्वयंपाक ठरायचा, असं जुनी माणसं सांगतात. गिरण्या बंद पडल्या, पण माग घराघरांत राहिले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हे शहर विणलं, म्हणून या गल्ल्यांत तेलुगू कानावर पडते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा हा सगळा भाग रस्त्यावर असतो. उभ्या धाग्यांचा ताणा बीमच्या रुळावर चढतो, नक्षी ठरवणाऱ्या जकार्ड यंत्राच्या तालावर एकेक दोरा वर उचलला जातो आणि मोर, फुलं, वेली उमटत जातात. सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, नक्षी उलट्या रंगात दिसते. आजीच्या अंथरुणातली चादर नातवाच्या अंगावर आलेली मी पाहिली आहे. भौगोलिक मानांकन तिला नंतर मिळालं, घराघरांत नाव आधीच होतं. घ्यायची तर बोटांत धरून जाडी बघा, सुती आहे का विचारा, आणि विणणाऱ्याशी दोन शब्द बोला. तो म्हणेल, "बघलालो, बसा की." म्हणजे बघतोय, बसा ना. मराठीच आहे ही, कानडी आणि तेलुगूच्या शेजारात वाढलेली.

पोट आता बोलू लागेल. कडक भाकरी, वर शेंगाचटणी, चटणीत दही किंवा तेल. चटणी खलबत्त्यातली असेल तर शेंगदाण्याचं तेल तिला आपोआप सुटतं. जेवण झाल्यावर शेंगाची पोळी. हिवाळ्यात हुरडा.

सवड असेल तर नान्नजचा माळ बघा. माळढोकासाठी १९७९मध्ये अभयारण्य झालं. पक्षी आता क्वचितच दिसतो, पण काळविटांचे कळप दिसतात.

(दृश्य: भीमा आणि सीना यांचा संगम. जुनं देऊळ.)

शेवटी हत्तरसंग-कुडल. भीमा-सीनेच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ, आणि जवळच ३५९ मुखांचं शिवलिंग. पण मी तुम्हाला आणलंय ते देवळातल्या एका तुळईसाठी. तिच्यावर शके ९४०चा, म्हणजे १०१८चा लेख आहे. तारीख कोरलेल्या सर्वांत जुन्या मराठी लेखांपैकी हा एक. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. शेवटची ओळ सांगते, की जो हे वाचील तो विजयी होईल.

आत अंधार असतो आणि अक्षरं पहिल्या नजरेत लागत नाहीत. टॉर्च सरळ धरू नका, बाजूनं तिरपा धरा. खाचांत सावली भरते, मग एकेक अक्षर वर येतं.