पावणेसहा सेंटिमीटर सूत

मंडळी, सोलापुरात बोलायचं म्हणून येताना सुताचं रीळ घेऊन आलोय. हा पृथ्वीचा गोल, फूटभर व्यासाचा. लांबचं अंतर भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका, सपाट नकाशा फसवतो. गोलावर दोन ठिपक्यांमध्ये सूत ताणून धरा. ते ज्या वाटेने बसेल ती विमानाची सर्वांत जवळची वाट. इथे एक सेंटिमीटर म्हणजे साधारण 425 किलोमीटर.

आता दक्षिण अटलांटिकमधली दोन बेटं घेऊ. हे सेंट हेलेना. इथून निसटणं अवघड, म्हणूनच 1815 मध्ये नेपोलियनला इथे आणून ठेवलं. आणि हे खाली त्रिस्तान द कुन्हा. सूत भरलं पावणेसहा सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 2,430 किलोमीटर. ताशी 850 किलोमीटरने विमान तीन तासांच्या आत पोचेल.

गणित बरोबर आहे. फक्त असं विमान नाही, कारण त्रिस्तानला धावपट्टीच नाही. सेंट हेलेनाहून आधी विमानाने दक्षिण आफ्रिका, मग केप टाउन बंदर, तिथून बोटीने आठवडाभर. तीन तासांचे झाले आठ-दहा दिवस, तेही बोट वेळेवर मिळाली तर!

सेंट हेलेनालाही पूर्वी बोटच होती. 2016 मध्ये विमानतळ तयार झाला, पण धावपट्टी कड्याच्या टोकाशी, तिथे वारा अचानक पलटतो. नियमित प्रवासी विमान सुरू व्हायला ऑक्टोबर 2017 उजाडला. शिवाय उतरता आलं नाही तर जवळची दुसरी धावपट्टी असेन्शन बेटावर, 1,300 किलोमीटर लांब.

याच्या उलट स्कॉटलंडच्या उत्तरेला वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही दोन बेटं. दोन धावपट्ट्यांमध्ये 2.7 किलोमीटर अंतर, विमान दोन मिनिटांत पलीकडे. वारा पाठीशी असताना 53 सेकंदांतही गेलंय. आपल्याकडे एवढ्यासाठी रिक्षावाल्याशी भाव ठरवण्यातच जास्त वेळ जातो. (हशा)

पण धावपट्टी असून भागतं का, हे मी सोलापूरकरांना काय सांगायचं? होटगी रोडची धावपट्टी होतीच की. साखर कारखान्याची उंच चिमणी आडवी आली. ती 2023 मध्ये पाडली, 2025 मध्ये गोव्याचं विमान उडालं. पाडण्याबद्दल या सभागृहातही दोन मतं असणार, त्यात मी पडत नाही. एवढंच बघा, मधल्या वर्षांत सोलापूर आणि गोव्यामधलं सूत तेवढंच होतं.

मागून विचारतायत, त्रिस्तानला धावपट्टी का बांधत नाहीत? अहो, ते बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला दोन हजार मीटरचा ज्वालामुखी. वस्तीपाशी थोडी सपाटी, लोक अडीचशेच्या आत. बंदरही इतकं लहान की मोठी बोट बाहेरच थांबते. समुद्र खवळलेला असेल, तर बेट डोळ्यांसमोर दिसत असताना दिवसच्या दिवस डेकवर बसून राहायचं.