तंबूतला धर्मेंद्र

नमस्कार श्रोतेहो.

२४ नोव्हेंबर २०२५ ला धर्मेंद्र गेला. नव्वदावा वाढदिवस दोन आठवड्यांवर आला होता. मी त्याला एकेरीत बोलतोय, त्याचा राग धरू नका. आपण विठोबालाही एकेरीतच हाक मारतो, त्या मायेनं बोलतोय. आज मला त्याच्याबद्दल आणि माझ्या थोरल्या भावाबद्दल सांगायचंय. माझ्यापुरतं या दोघांना वेगळं काढता येत नाही.

आमचं गाव सांगलीपासून दहा-बारा किलोमीटरवर, कृष्णाकाठी. दादा तालमीतला गडी. पहाटे उठून आखाडा उकरायचा, तांबड्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल घालून ती मऊ करायची आणि मग जोर-बैठका. तालमीच्या भिंतीवर मारुतीरायाच्या तसबिरीखाली दोन फोटो होते. एक कवठेपिरानच्या मारुती मानेंचा. १९६४ चे हिंदकेसरी म्हणजे आमच्या भागाचा अभिमान. दुसरा कॅलेंडरातून कापून खळीनं चिकटवलेला, धर्मेंद्रचा. वस्तादांनी तो कधी काढायला लावला नाही. नटाच्या अंगावर असली तब्येत त्यांनी तोवर बघितली नव्हती.

यात्रेला तंबू यायचा. घरून पोतं न्यायचं, अंथरायचं, पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. ‘फूल और पत्थर’ मी तिथं पाहिला. सिनेमा १९६६ चा, आमच्याकडे आला तेव्हा रीळ इतकं झिजलेलं की पडद्यावर सारखा पाऊस पडायचा. मी नऊ-दहा वर्षांचा, दादाच्या मांडीला टेकून बसलेला. धर्मेंद्रनं अंगातला शर्ट काढला आणि तंबूत जो दंगा उसळला! शिट्ट्या, फेटे हवेत, कुणीतरी पडद्यावर चिल्लर फेकली. मागचा म्हातारा ओरडला, “आरं, काय दंड हाय गड्याचा!” दुसऱ्या दिवसापासून दादानं बैठका दीडपट केल्या आणि मी आरशासमोर बनियन काढून उभा राहायला लागलो.

माझा धर्मेंद्र पुढं बरीच वर्षं एवढाच होता. छाती, दंड आणि मुठी. ‘शोले’ आला तेव्हा गावातली पोरं पाण्याच्या टाकीवर चढली आणि घरोघरी मार खाऊन उतरली. त्याच १९७५ साली त्यानं ‘चुपके चुपके’मध्ये वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक केला, ड्रायव्हरच्या वेषात शुद्ध हिंदी बोलत सगळ्यांना हसवलं. पण त्यात मारामारी नाही म्हणून आम्ही तो बघायलाच गेलो नाही.

मग मी कॉलेजला सांगलीत आलो. ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथंच ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्याचा इथल्या हवेला अजून वास आहे. नाटकं बघायला लागलो, स्पर्धेच्या तालमींना जाऊन बसायला लागलो. आमच्या मित्रांत धर्मेंद्रचं नाव काढलं की पोरं एकमेकांकडे बघायची. तेव्हा त्याचे ‘हुकूमत’सारखे मारधाडीचे सिनेमे एकापाठोपाठ एक येत होते. मला त्याची लाज वाटू लागली. खरं सांगायचं तर दादाचीही वाटायची. गुडघा गेल्यावर त्याची कुस्ती सुटली, तो शेती बघू लागला, पण यात्रेत धर्मेंद्रचा सिनेमा लागला की पोतं घेऊन हजर. मी एकदा त्याला म्हणालो, “दादा, ह्याला अभिनय येत नाही.” तो काही बोलला नाही. वैरणीचा भारा उचलला आणि गोठ्यात गेला.

त्यानंतर वर्षं गेली. नोकरी, लग्न, मुलं. दादाच्या घशाचं ऑपरेशन मिरजेला झालं. काही दिवस बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मुलाची जुनी पाटी आणि पेन्सील नेऊन दिली. रात्री त्याच्याजवळ मीच असायचो. त्याला झोप यायची नाही, मलाही नाही. एका रात्री मोबाइलवर ‘फूल और पत्थर’ लावला. उशीला टेकवून मोबाइल धरला आणि दोघं भाऊ डोक्याला डोकं लावून बघत बसलो.

तो प्रसंग आला. धर्मेंद्रनं शर्ट काढला. मी हसून दादाकडे बघितलं. दादानं हातानंच थांबव म्हणून खुणावलं. पाटी मागितली आणि थरथरत्या हातानं एकच शब्द लिहिला, “म्हातारी.”

मला कळेना. सिनेमा मागं नेला आणि परत बघितलं. रस्त्यावर एक भिकारी म्हातारी झोपलेली आहे. त्याच्या अंगातला शर्ट तिच्या अंगावर घालायला निघाला होता. श्रोतेहो, मी तो प्रसंग किती वेळा पाहिला असेल, किती जणांना रंगवून सांगितला असेल. शर्ट निघाला एवढं मला दिसलं होतं. गेला कुठं, ते दिसलंच नव्हतं. दादाला ते पहिल्या दिवसापासून, तंबूतल्या पोत्यावरच दिसलं होतं.

घरी आल्यावर मी धर्मेंद्रचे सिनेमे नव्यानं बघायला घेतले. ‘बंदिनी’तला तुरुंगातला डॉक्टर बघितला. ‘सत्यकाम’ बघितला, १९६९ चा, हृषिकेश मुखर्जींचा. खोटं बोलायला तयार नसलेला इंजिनिअर. शेवटी आजारानं त्याची वाचा जाते. बायकोसाठी काही राहावं म्हणून आयुष्यात पहिल्यांदा तो एका गैर कागदावर सही करतो, आणि ती तो कागद फाडून टाकते. तेव्हा तो हसतो. शब्द नाही, फक्त चेहरा. ते बघताना मला दादाची पाटी आठवली आणि मी उठून अंगणात गेलो. याला अभिनय येत नाही, असं मी म्हणालो होतो.

उत्तम नटाचा फिल्मफेअर पुरस्कार त्याला एकदाही मिळाला नाही. १९९७ मध्ये जीवनगौरव मिळाला, तो दिलीपकुमारांच्या हातून. पंजाबातल्या शाळामास्तराचा हा मुलगा स्वतः दिलीपकुमारांचे सिनेमे बघून वेडा झालेला. त्या क्षणाचं त्याला काय वाटलं असेल, ते आमच्यासारख्या चाहत्यांनाच कळेल.

पण सगळ्यांत जवळचा आता ‘अनुपमा’. तोही १९६६ चाच, म्हणजे शर्ट काढला त्याच वर्षीचा. त्यात तो साधा लेखक आहे. बापाच्या रागाखाली दबलेली, तोंडातून शब्द न काढणारी मुलगी समोर आहे. एवढा धिप्पाड गडी, पण तिच्या वतीनं तो काही ठरवत नाही. तिनं स्वतः उठावं म्हणून थांबतो. तिच्याशी बोलताना खांदे जरा आत घेतो, आवाज खाली आणतो. आपल्या ताकदीनं समोरचं माणूस बुजू नये, याची काळजी त्याच्या उभं राहण्यात दिसते. आमचे वस्ताद हरलेल्या पोराच्या अंगाला तेल लावायचे ना, तेव्हा त्यांचे हात असे व्हायचे.

तो गेल्याची बातमी आली त्या दिवशी मी गावी गेलो. दादा पडवीत बसला होता. त्याचा आवाज आता खरखरीत झालाय, फार बोलवत नाही. जेवणं झाल्यावर आम्ही टीव्हीवर ‘अनुपमा’ लावला. वहिनीही येऊन बसल्या. शेवटी रेल्वे स्टेशनवर ती मुलगी गाडीत त्याच्याजवळ येते आणि तिचा बाप खांबाआड उभा राहून रडतो. वहिनींनी पदर डोळ्यांला लावला.

सिनेमा संपल्यावर दादा म्हणाला, “मधलं ते दोघांचं बोलणं परत लाव. आणि आवाज वाढव जरा. लई हळू बोलतोय रं.”