स्कॅन नको, टाइप केलेलं पाठवा

नमस्कार मंडळी. जरा वय असलेल्यांना आठवत असेल, बँकेत नाहीतर सरकारी ऑफिसात फोन लावला की आधी ऑपरेटर यायचा, "थांबा हं, जोडून देतो" म्हणायचा, आणि त्या बोर्डावर बसणाऱ्यांत बरेच जण अंध असायचे. एक्स्टेंशन नंबर तोंडपाठ, आवाजावरून माणूस ओळखणार. मग डायरेक्ट डायलिंग आलं, मोबाईल आले, बोर्डाचं काम आटलं, आणि ह्यांना आता दुसरं काय काम द्यायचं हे कित्येक साहेबांना सुचेचना.

खरंतर तोवर कॉम्प्युटर बोलायला लागला होता. जॉज नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, १९८९ पासूनचा, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यातला, पण लायसन्स महाग. मग २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन ह्या स्वतः अंध असलेल्या तरुणाने एनव्हीडीए नावाचं तसलंच सॉफ्टवेअर बनवायला घेतलं, तेही फुकट, आणि आज ते मराठीही वाचतं. उच्चार थोडा रोबोटी आहे, पण सवयीचे लोक तो इतका फास्ट ऐकतात की आपल्याला एक शब्द कळणार नाही.

मग अडतं कुठे? तर ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर! म्हणजे बघा, परिपत्रक कुणीतरी कॉम्प्युटरवरच टाइप केलेलं असतं, मग प्रिंट काढायची, सही-शिक्का मारायचा, मोबाईलने तिरका फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा, "आजच माहिती पाठवा". स्क्रीन रीडरसाठी तो नुसता फोटो. ओसीआर आहे की, म्हणाल, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम. आहे, स्वच्छ छपाई असेल तर बरं वाचतो, पण अक्षरांवर शिक्का आणि खाली तक्ता असला की सगळी खिचडी. मग शेजारच्याला "जरा वाचून दाखवतोस का", आणि हे रोज म्हटल्यावर माणूस किती वेळा विचारणार हो? सही हवी तर स्कॅन पाठवा, पण सोबत मूळ टाइप केलेली फाइलपण टाका ना, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरी आपली खास देशी भानगड म्हणजे जुने फॉन्ट. कृतिदेवमध्ये आपल्याला स्क्रीनवर "महाराष्ट्र" दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, त्यामुळे स्क्रीन रीडर ई जी के जे के असलं काहीतरी बडबडतो. युनिकोडमध्ये, म्हणजे आत खरी मराठी अक्षरंच साठवणाऱ्या पद्धतीत टाइप करा, प्रश्न मिटला. "आमचा हात बसलाय त्या कीबोर्डवर" हे कारण मला तरी आता पटत नाही.

ऑनलाइन मीटिंगमध्ये म्यूट काढणं वगैरे सोपं असतं, विंडोजवर झूमला अल्ट आणि ए दाबलं की झालं. पण शेअर केलेली स्क्रीन म्हणजे समोरच्याकडे फक्त चित्र जातं, आणि साहेब म्हणतात "इथे बघा, हा आकडा कसा वाढलाय". कुठे इथे? कुठला आकडा? तोंडाने सांगा की, आणि स्लाइड आदल्या दिवशी मेल करा. साहेब बोलत असताना चॅटमध्ये थँक्यू, ओके, नोटेड असा पाऊस पाडू नका, सेटिंग बंद नसेल तर ते सगळं कानात त्याच वेळी वाचलं जातं.

सगळ्यात जास्त वैताग मात्र नवीन अॅपचा. हजेरीचं, रजेचं अॅप विकत घेतात आणि त्यातल्या बटनांना नावंच दिलेली नसतात, मग फोन नुसता "बटन, बटन, बटन" म्हणत बसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी आस्थापनांनी कर्मचाऱ्याला लागणाऱ्या सोयी द्यायच्याच आहेत, आणि एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डिजिटल सुविधा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानलाय. तेव्हा टेंडरमध्येच लिहा, स्क्रीन रीडरवर चाललं तरच बिल निघेल. आणि टेस्टिंगला ऑफिसातल्याच अंध सहकाऱ्याला बसवा, पण ते त्याचं ड्युटीतलं काम धरा बरं का, जेवणाच्या सुट्टीत उरकायला सांगू नका.