खुर्च्या उमेदवाराच्या, हेलिकॉप्टर पक्षाचं

श्रोतेहो, नमस्कार.

निवडणुकीच्या दिवसांत नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर मोठी सभा असली, की गर्दीत निवडणूक यंत्रणेचा एक कॅमेरावाला हमखास दिसतो. भाषणाकडे त्याचं फारसं लक्ष नसतं. तो टिपतो मांडव केवढा, खुर्च्या किती, कर्णे किती, गाड्या किती. चहापासून खुर्चीच्या भाड्यापर्यंत सगळ्याचं दरपत्रक जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. त्या हिशेबाने छाया नोंदवही तयार होते आणि ती उमेदवाराच्या वहीशी ताडून पाहिली जाते. उमेदवाराच्या वहीत पानंसुद्धा तीन रंगांची: रोजच्या खर्चाला पांढरी, रोकडीला गुलाबी, बँकेच्या व्यवहाराला पिवळी. पत्रक छापलं तर त्यावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव हवंच.

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची ४० लाखांची मर्यादा आहे, लोकसभेला ९५ लाखांची. २०२२ पासून हे आकडे लागू आहेत. प्रत्यक्षात किती उडतात, ते कुठल्याही कार्यकर्त्याला एकांतात विचारा. हसेल आणि विषय बदलेल.

पण माझा मुद्दा चोरून केलेल्या खर्चाचा नाही, उघड खर्चाचा आहे. त्याच सभेला पक्षाचा मोठा नेता ओझरला उतरून हेलिकॉप्टरने आला, तर स्टार प्रचारक म्हणून, म्हणजे पक्षाने आयोगाला दिलेल्या यादीतला प्रचारक म्हणून, त्याच्या प्रवासाचा खर्च पक्षाच्या नावावर जातो. आणि पक्षाला खर्चाची मर्यादाच नाही! विधानसभेनंतर ७५ आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत पक्षाने आयोगाला हिशेब द्यायचा, एवढंच. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरा. त्याच वर्षी सरकारने अध्यादेश काढून तो निकाल निष्प्रभ केला. २००३ मध्ये ही सूट बरीच आवळली गेली, तरी नेत्यांचा प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार बाहेरच राहिला.

आता कोणी म्हणेल, निवडणुकीचा खर्च सरकारनेच करावा, म्हणजे धनदांडग्यांचे उपकार नकोत. इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्ये याचाच विचार केला. रोख पैसे नकोत, इंधन, कागद, ध्वनिक्षेपक असं वस्तुरूपाने द्या, तेही फक्त मान्यताप्राप्त पक्षांना, असं समितीचं म्हणणं. अपक्षाच्या हाती काहीच नाही.

खरं तर थोडा सरकारी खर्च आजही होतोच. आपण ऐकता त्या आकाशवाणीवर मान्यताप्राप्त पक्षांना प्रचारासाठी फुकट वेळ मिळते. काही वेळ सगळ्यांना सारखी, बाकीची मागच्या निवडणुकीतल्या मतांप्रमाणे. मतदार यादीही फुकट. शिवाय पक्षाला देणगी दिली की देणगीदाराला आयकरात वजावट मिळते, म्हणजे तिजोरीला तिथेही कात्री लागतेच. निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, त्यामुळे त्या वाटेने नाव लपवून देणं थांबलं. खर्चाला मात्र त्याने लगाम बसला नाही.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांसाठी सार्वजनिक निधी आहे. तो घेतला की खर्चाची मर्यादाही पाळावी लागते. २००८ मध्ये बराक ओबामांनी मुख्य लढतीसाठी तो नाकारला, कारण देणग्यांतून त्यांच्याकडे कितीतरी जास्त पैसा येत होता. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पक्षाच्या खर्चाला मर्यादा घातल्याशिवाय सरकारी निधी देऊ नये. नाहीतर देणगीदारांचा पैसा आहे तसाच राहील आणि वर तुमच्या-आमच्या कराची भर पडेल.

तोवर एक करता येईल. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला, हरलेल्यालासुद्धा, जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यावा लागतो; सबळ कारणाशिवाय दिला नाही, तर तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते. हे हिशेब नागरिकांना पाहता येतात. आपल्या मतदारसंघाचे पाहाच, आणि त्या मोठ्या सभेचा किती वाटा उमेदवाराच्या नावावर पडलाय, ते आधी शोधा.

नमस्कार.